चालत्या गाडीत फोर-व्हील

प्रधानसाहेबांच्या पिकअपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे होते, एक पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देणारा म्हणजे फोर-व्हीलचा, दुसरा वेग घटवून जोर वाढवणारा, आणि त्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती. आधीच्या ड्रायव्हरने एकदा मागची चाकं चिखलात गरगर फिरत असतानाच पुढच्या चाकांचा दांडा जोर लावून खेचला. आत कडाडकन आवाज झाला, गिअरचे दात तुटले आणि गाडी महिनाभर उभी राहिली. तेव्हापासून साहेबांचा हुकूम एकच. फोर-व्हील टाकायची असेल तर गाडी पूर्ण थांबवून, नाहीतर नाहीच.

श्यामकांत प्रधानांचा साकीनाक्याला पंपदुरुस्तीचा कारखाना होता. सुलक्षणा मेस्त्री तिथे आठ वर्षं मोटारी भरत होती, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळत होती. नवऱ्याची गिरणी संपात बंद पडली, तो अंधेरीला वॉचमन झाला, आणि हिच्या पगारावर घर सरळ झालं. तिच्याकडे गाडीचं लायसन्सही आहे, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते तिनं काढून दाखवावं आणि बाकीच्यांनी हसावं, एवढाच त्याचा उपयोग.

सत्याऐंशीच्या ऑगस्टमधली गोष्ट. सकाळी साडेअकराला कांजूरमार्गहून भाऊ मुकादमाचा फोन आला. मिठागरांच्या अलीकडे खाडीच्या बांधालगत त्यांची तीस-पस्तीस घरांची वस्ती होती.

"साहेब, घरात गुडघाभर पाणी आहे. दोनला भरती. भरती आली की नाल्याचं पाणी खाडीत जायचं बंद होतं, उलट आत शिरतं. आमचा डिझेल पंप झाला असेल तर आत्ताच्या आत्ता पाठवा, नाहीतर वाट लागली आमची."

पंप तयार होता, पण ड्रायव्हर राजाराम मलेरियाने अंथरुणात. साहेब स्वतः मोटार चालवत, पण पिकअपच्या जड स्टिअरिंगला त्यांचा खांदा पुरत नव्हता. त्यांनी टेबलावर बोटं वाजवली, खिडकीबाहेर पाहिलं.

"मी नेते," सुलक्षणा म्हणाली.

"तुम्ही?"

"माझे बाबा मिलिटरीत ड्रायव्हर होते. गावी नदीच्या वाळूत त्यांनीच शिकवलंय. अशीच गाडी होती."

कोणी हसलं नाही, कारण दुसरा उपाय नव्हता. चौघांनी पंप चढवून दोरांनी बांधला. साहेब शेजारी बसले आणि गाडी सुटण्याआधीच म्हणाले, "एक सांगून ठेवतो, सुलक्षणाबाई. त्या दांड्याला हात लावायचा नाही."

"बरं, साहेब."

पवईवरून विक्रोळी, तिथून हायवे. रस्त्यात एक रिक्षावाला मान वळवून बघत राहिला आणि पुढच्या बसवर आपटता आपटता वाचला. हायवे सोडून बांधावरच्या कच्च्या रस्त्याला लागले तेव्हा एक वाजत आला होता. अर्धा मैल तेवढा. सुरुवातीला मुरूम होता, टणक. सुलक्षणाने दुसरा गिअर टाकला आणि गाडी एका लयीत सोडली.

मग मुरूम संपला आणि खाडीची काळी माती लागली. आदल्या दिवशी इथे एक ट्रक रुतला होता. लोकांनी दोर लावून तो ओढून काढला, पण त्याचे खड्डे तसेच होते. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये गाडीपुरती वाट. पाठीमागचा भाग डावीकडे सरकला. मागची चाकं घसरू लागली होती.

"थांबवा!" साहेब ओरडले. "थांबवा आणि मग टाका फोर-व्हील!"

"थांबलो की बसलो, साहेब! मागे एवढं वजन आहे!"

"मग चालू गाडीत टाकणार? दात तुटतील!"

"चाकं गरगरत असली तर तुटतील," ती म्हणाली, आणि मग बोलायला वेळ नव्हता.

वाळूत शेजारी बसून बाबा सांगायचे ते तिला अक्षरशः ऐकू आलं. "चाकां सरळ ठेव. पाय उचल. मगे दांडो हळू ढकल. नाय गेलो तर जबरदस्ती करू नको."

तिने स्टिअरिंग सरळ केलं. घसरणाऱ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आणखी दाबावासा वाटतो. तिने तो उचलला. गाडी मंदावली, साहेबांनी डॅशबोर्ड धरला. पण मागची गरगर थांबली, चाकं गाडीच्याच वेगाने फिरू लागली. तिने पुढच्या चाकांचा दांडा ढकलला. गेला नाही.

"ओढा जोरात!"

"नाही."

तिने हात सैल केला. वेग संपत चालला होता, समोर ट्रकचा खड्डा. पायाने किंचित, श्वासाएवढा गॅस दिला, सोडला, आणि त्या सुटण्याच्या क्षणाला पुन्हा ढकललं. दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. खट्. कडाड नाही, फक्त खट्.

आता तिने पाय दाबला. पुढची चाकं मातीला धरून ओढू लागली. गाडी खड्ड्यात उतरली, नाक वर उचललं, चिखलाचा फवारा काचेवर आला आणि पिकअप पलीकडे चढली.

"चढली!" प्रधानसाहेब ओरडले. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस, त्याने छतावर मूठ आपटली. "अहो, चढली!"

सुलक्षणा हसली, पण डोळे वाटेवरच. मधेच साहेबांनी दुसऱ्या दांड्याकडे बोट केलं. "हा पण टाकायचा का? जोर वाढेल."

"तो चालत्या गाडीत नाही हं. त्याला मात्र थांबायलाच लागतं."

वस्तीच्या तोंडाशी माणसं पाण्यात उभी होती. पंप उतरवायला वीस हात पुढे आले. दीड वाजता इंजिनाने धूर ओकला, दोनदा खोकलं आणि धरलं. जाड पाइपातून गढूळ पाण्याचा लोट बांधापलीकडे खाडीत पडला, आणि अख्ख्या वस्तीने आरोळी ठोकली. भरती आली, पण तीनच्या सुमारास घरांच्या भिंतींवर पाण्याची ओली रेघ वर राहिली होती आणि पाणी तिच्याखाली वीतभर उतरलं होतं.

सुंदराबाई नावाची म्हातारी खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. तिने साहेबांना विचारलं, "डायवर खंय गेलो? च्या घेऊक सांगा त्येका."

"ह्या काय ड्रायव्हर," साहेबांनी सुलक्षणाकडे हात केला.

म्हातारीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. चिखलाने माखलेली साडी, कमरेला खोचलेला पदर. "गे बाय माझ्या!" ती म्हणाली आणि स्वतःचाच कप पुढे केला.

परतताना चिखल संपून डांबर लागलं तशी सुलक्षणाने पाय उचलून दांडा मागे घेतला. कडक रस्त्यावर तो तसाच ठेवला तर आतली यंत्रणा ताणते, हे तिने न विचारता सांगितलं. साहेब ऐकत होते, मधूनमधून प्रश्न विचारत होते, आणि पवईच्या चढाला त्यांनी तिला गाडी बाजूला घ्यायला लावली.

"मला दाखवा परत. पाय कधी उचलायचा?"

राजाराम बरा होऊन आला तेव्हा त्याला दुसरी गाडी मिळाली. पिकअप पुढे सात वर्षं सुलक्षणाकडेच होती. भांडुपपासून मुलुंडपर्यंत जिथे रस्ता संपायचा तिथे ती जायची, आणि त्या गाडीचा एक दातही तिच्या हातून तुटला नाही.