दातांच्या डॉक्टरांचं मागचं चाक

दातांच्या डॉक्टरांकडे त्यांच्या मामांची जुनी मोटरसायकल होती. मामांनी ती चालवली कमी आणि पुसली जास्त. डॉक्टर मात्र दर वर्षी ती जुन्या गाड्यांच्या क्लबच्या शर्यतीत टेकडीवर चढवायचे, आणि दर वर्षी औषधवाल्यांच्या गाडीचा धूर खात शेवटचे यायचे.

औषधवाले म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याच्या बरोबर खालच्या दुकानाचे मालक. वरून चिठ्ठी आली की हे गोळ्या द्यायचे. त्यांची स्वतःची एक दाढ केव्हाची किडली होती, पण जिना चढून वर जायची त्यांची छाती होत नव्हती. दुकानातल्याच गोळ्या खाऊन ते दिवस ढकलत होते.

"यंदा मागचं चाक हलकं करणार," डॉक्टरांनी जेवताना जाहीर केलं. "जड चाक फिरवण्यातच इंजिनाचा अर्धा जीव जातो."

"आणि तुमचं वजन?" बायकोनं विचारलं.

"ते फिरत नाही."

बायको गाण्याच्या बाई होत्या. पुढच्या खोलीत त्यांचा वर्ग चालायचा. त्या दिवशी मुली तिथे गात होत्या आणि आत डॉक्टर चाकाचं वजन करत होते. चाक वजनकाट्यावर नीट उभं राहीना, म्हणून ते त्याला कडेवर घेऊन स्वतः काट्यावर चढले. मग वजाबाकीसाठी चाकाशिवाय चढले. हा दुसरा आकडा त्यांनी बायकोला सांगितला नाही.

चाक लेथवाल्याकडे गेलं. लेथवाल्यानं जड लोखंडी रिम काढून ॲल्युमिनियमची बसवली, एकेक तार ताणून चाक सरळ केलं आणि चेनच्या दातेरी चकतीला भोकं पाडली. मधला लोखंडी डबा, ज्यात ब्रेक असतो, तो तेवढा राहिला.

"याची भोकं मी पाडतो," डॉक्टर बाह्या सरसावत म्हणाले. "माझा हात बसलाय."

लेथवाला बाजूला झाला. डॉक्टर डब्यावर ओणवे झाले आणि ड्रिल सुरू करण्याआधी सवयीनं हळूच म्हणाले, "दुखलं तर डावा हात वर करा."

लेथवाल्यानं मागे वळून पाहिलं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. पुढे लोखंडाचा चुरा साचला तेव्हा डॉक्टर "गुळणी करा" असंही म्हणाले. लेथवाला बाहेर जाऊन खरंच चूळ भरून आला.

चाक बसवून डॉक्टर पहिल्या फेरीला निघाले. गाडी जरा वेगात आली, भोकांतून वारा शिरला आणि चाक वाजू लागलं. सुईंऽऽऽ! हुबेहूब दात कोरायच्या मशीनसारखं. रस्त्यावर एका बाईंनी गालाला हात लावला. भाजीवाला ओरडून भाव सांगत होता, त्यानं चटकन तोंड मिटलं. दोनदा वेळ घेऊन न आलेला एक पेशंट तर समोरच्या चपलांच्या दुकानात शिरला आणि नको असलेले बूट घालून पाहू लागला.

डॉक्टरांना मात्र काहीच वेगळं वाटलं नाही. सारं आयुष्य ते हाच आवाज ऐकत आले होते.

"लोक काय आदरानं वाट देतात गं!" ते घरी येऊन म्हणाले.

"चौकात फार जोरात होतात तुम्ही," बाई म्हणाल्या.

"तू कुठे होतीस चौकात?"

"इथेच होते. चौकात सूर चढला, शाळेपाशी उतरला आणि पुलावर तर थेट वरच्या पट्टीत गेला. आणि सगळा वेळ बेसूर! माझ्या मुली आता तोच सूर धरून बसल्यात. बुजवा ती भोकं."

"शर्यत होऊ दे," डॉक्टर काकुळतीला आले. "मग तू म्हणशील तसं."

शर्यतीत गाड्या दोन-दोन सोडायचे. डॉक्टरांच्या जोडीला औषधवालेच आले. निशाण पडताच औषधवाले नेहमीसारखे पुढे सटकले. पण पहिल्या वळणानंतर डॉक्टरांच्या गाडीनं हलक्या चाकावर असा काही वेग घेतला, की डॉक्टर स्वतःच दचकले. अंतर कमी होऊ लागलं. सुईंऽऽऽ!

औषधवाल्यांची जीभ आपसूक दाढेकडे गेली. त्यांनी वेग वाढवला. डॉक्टरांनीही वाढवला. सूर आणखी चढला आणि थेट मानेमागे आला. औषधवाल्यांना दरदरून घाम फुटला, दाढेत कळ उठली आणि ते गाडी कडेला घेऊन दोन्ही हातांनी गाल धरून उभे राहिले.

रस्ता मोकळा होता. डॉक्टर जिंकल्यातच जमा होते. पण गाल धरलेला माणूस दिसला आणि त्यांचा पाय ब्रेकवर गेला.

"आ करा पाहू."

"नको!"

"नुसतं बघतो हो."

"तुम्ही सगळ्यांना असंच म्हणता! मला खाली दुकानात ऐकू येतं!"

पण कळ फारच होती. औषधवाल्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. डॉक्टरांनी गाडीचा आरसा वळवून उन्हाचा कवडसा आत पाडला.

"अहो, ही दाढ आहे की बोगदा?"

तपासणी रंगात आली असताना मागची जोडी शेजारून निघून गेली, मग तिच्या मागची. शेवटी दोघं गाड्या ढकलत, दाढेबद्दल बोलत वर पोचले. क्लबनं पहिल्यांदाच शेवटचा नंबर विभागून दिला.

दुसऱ्या दिवशी औषधवाले जिना चढून आले. डॉक्टरांनी मशीन सुरू करताच ते खुर्चीचे हात घट्ट धरून ओरडले, "गाडी वर कशाला आणलीत?" दाढ मात्र वाचली.

दिलेल्या शब्दाला जागून डॉक्टरांनी चाकाच्या एकेका भोकावर पत्र्याची कॅप बसवली, अगदी दातावर बसवतात तशी. थोडं वजन परत आलं, पण चाक गप्प झालं. ते फेरी मारून आले, तर वाटेत कुणी गालाला हात लावला नाही की बाजूलाही झालं नाही. त्यांना थोडं चुकल्यासारखं वाटलं.

दारात बाई हेल्मेट घालून उभ्या होत्या. हातात गाण्याची पेटी होती.

"आता मी बसते मागे. पेटी दुरुस्तीला न्यायचीय."

त्या ऐसपैस बसल्या आणि पेटी मांडीवर घेतली. चढावर गाडीला धाप लागली.

"जड होतंय का हो?"

"छे गं!" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हळूच गिअर उतरवला.