मीठ न लागलेली गाडी

"मिसेस मॅकेला, तुमचे डोळे गेलेत ना, मग आता ती गाडी विकणार कधी?"

एका दमात विचारून मार्नीने मागे वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे ब्रिनची लाल गाडी उभी होती आणि तिच्यात ब्रिन आणि हॅली एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांचीच. विचारून दाखव, नाहीतर शाळा संपेपर्यंत बसनेच ये. आता विचारून दाखवलं तरी बसनेच यावं लागणार होतं, कारण लाल गाडीला सीटच दोन होत्या. पण मार्नी कोस्कीला कुणी 'करून दाखव' म्हटलं आणि तिने केलं नाही, असं या वर्षभरात तरी घडलं नव्हतं.

मिसेस मॅकेला पायरीवर उभ्या राहून पायपुसणं झटकत होत्या. तीस वर्षं त्यांनी शाळेची पिवळी बस चालवली होती. समोरच्या आरशात त्यांनी नुसतं वर पाहिलं, की शेवटच्या बाकावरच्या दांडगटांचे पाय आपोआप खाली यायचे. आता त्या मार्नीकडे बघत होत्या. म्हणजे, मार्नीच्या डाव्या कानाच्या जरा पलीकडे.

"कोस्कीची ना तू? आवाज तसाच आहे. बसमध्येही तूच किंचाळायचीस."

"हो, मीच."

"आणि सगळे नाही गेले डोळे. मधलं गेलंय, कडेकडेचं दिसतं. तुझे कान दिसतात. नाक नाही दिसत."

"नाकात बघण्यासारखं काही नाही," मार्नी म्हणाली.

मिसेस मॅकेला हसल्या नाहीत, पण पायपुसणं झटकायच्या थांबल्या. "गाडी तुला हवीय, का त्या लाल गाडीतल्या दोघींना?"

"लाल आहे हे दिसलं तुम्हाला?"

"लाल आहे हे गावाने सांगितलं. कुणाची आहे ते ऐकू आलं. तिसरा गियर टाकायची फार घाई करते ती पोरगी. शनिवारी बापाला घेऊन ये तुझ्या."

मार्नीला तिथल्या तिथे त्यांचा मुका घ्यावासा वाटला. ब्रिनच्या गाडी चालवण्याबद्दल इतकं वाईट आजवर कुणीच बोललं नव्हतं!

त्या लाल गाडीचं दुखणं साधं नव्हतं. हायवेवर जुन्या गाड्या विकणारा एक जण आहे. त्याच्या मैदानभर रंगीत पताका फडफडतात, म्हणून मार्नीच्या घरात त्याचं नाव पताकावाला. त्याच्याकडची ती लाल, दोन सीटांची, उघड्या टपाची मियाटा मार्नीने आधी हेरली होती. दोन उन्हाळे तिने पर्यटकांच्या केबिन झाडल्या होत्या, त्यांची स्नानघरं घासली होती, ते याच्यासाठी. फोटो तिने मोठ्या प्रेमाने ब्रिनला दाखवला. आठवडा झाला नाही तोच ब्रिनच्या बाबांनी ती गाडी ब्रिनला घेऊन दिली. आणि वर ब्रिन काय म्हणाली? "अगं, तुझी निवड किती छान आहे!"

तिघींच्या मैत्रीत दोन सीटांची गाडी आली, की गणित कुणालाही सोडवता येतं. हॅली पुढे बसायची, म्हणजे शेजारी. मार्नी बसच्या खिडकीतून बघायची. ती लाल गाडी बसला मागे टाकून जायची तेव्हा दोघी हात हलवायच्या, मार्नीही हलवायची, आणि मग शाळा येईपर्यंत दप्तराची चेन उघडझाक करत बसायची. असं पहिल्यांदा झालं त्याच दिवशी तिने जेवणाच्या टेबलावर शपथ घेतली होती, "त्या पताकावाल्याकडचा मी टायरसुद्धा घेणार नाही!"

एवढ्यावर थांबली असती तर ती मार्नी कसली. तिचे बाबा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्तेखात्यात. हिवाळाभर ते मोठ्या ट्रकने बर्फ लोटतात आणि उरलेलं वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने लोकांच्या गाड्या खालून गंजून कुजतात, मग लोक कुजलेल्या जागी लांबी, म्हणजे भरणीचा लगदा, भरून वरून रंग फासतात. म्हणून बाबा जुनी गाडी बघायला जाताना फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन जातात. खाली पत्रा असेल तर ते चिकटतं, लांबी असेल तर गळून पडतं. आई म्हणायची, "अख्ख्या काउंटीच्या गाड्या कुजवायच्या आणि मग डॉक्टरसारखं तपासायलाही स्वतःच जायचं!" तर ते मासोळीच्या आकाराचं लोहचुंबक मार्नीने एका सकाळी खिशात घातलं आणि शाळेच्या पार्किंगमध्ये बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून ब्रिनच्या गाडीच्या दाराखाली लावलं. पड, पड, पड, देवा, पडू दे!

ते घट्ट चिकटलं. इकडे चिकटलं, तिकडे चिकटलं. अख्खी गाडी ठणठणीत होती मेली.

शनिवारी बाबा मिसेस मॅकेलांच्या गॅरेजमध्ये शिरले ते देवळात शिरावं तसे, टोपी काढून. त्यांचं एक म्हणणं होतं. गाडी कुठे घ्यायची हे ठरवताना गाडी बघू नये, गाडीखालची फरशी बघावी. पताकावाल्याकडे फरशीच नसते, माती असते, मातीत तेल मुरून जातं. इंटरनेटवर तर फक्त फोटो. घ्यावी ती ओळखीच्या माणसाच्या गॅरेजमधून.

मिसेस मॅकेलांनी गाडीवरचं कापड ओढलं. खाली गर्द हिरवा रंग, आतून पिकल्या पेअरसारखं पिवळट कातडं. दरवर्षी मे महिन्यात पावसाने रस्त्यावरचं मीठ धुऊन नेलं की ही गाडी बाहेर यायची आणि पहिलं बर्फ पडायच्या आधी गॅरेजमध्ये जायची. या वर्षी मे आला, पाऊसही दोनदा झाला, ती आली नव्हती. बाबा फरशीवर उताणे झोपून आत सरकले.

"थेंब नाही," खालून आवाज आला. "मार्नी, इथे जेवायला बसता येईल."

"खाली बसून कधीकधी जेवलेय मी," मिसेस मॅकेला म्हणाल्या आणि त्यांनी किल्ली हवेत पुढे धरली, मार्नीच्या खांद्याच्या जरा बाजूला. "चल. चालव तू. मी बसते."

त्या सवयीने डाव्या, चालकाच्या दाराशी गेल्या. मुठीवर हात पडला, मग थांबल्या आणि बॉनेटला हात लावत लावत पुढून वळसा घालून उजवीकडे गेल्या. बसल्या. दार लावलं. स्वतःशीच म्हणाल्या, "या बाजूने हे असं असतं होय."

गाडीचं कापडी टप खाली पाडलेलं होतं. ऊन होतं, पण गावाकाठच्या सरोवरावरून येणारा वारा बर्फाला शिवून आलेला. रस्त्याकडेच्या चरात अजून काळपट बर्फाचे ढीग होते. मार्नीने पहिला टाकला, दुसरा टाकला, आणि गाडी अशी काही सुटली की तिच्या तोंडून बसमधली जुनी किंकाळी बाहेर पडली. हॅली नाही, ब्रिन नाही, पिवळी बस नाही! सोमवारी या हिरव्या गाडीतून शाळेत शिरताना ब्रिनचं तोंड कसं होईल याचं तिने चित्रच रंगवलं. त्यात ब्रिनला जरा रडवलंसुद्धा.

चर्चच्या वळणाआधी तिने गियरवर हात ठेवला, आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्या हातावर दुसरा हात आला. सुरकुतलेला, गरम, घट्ट. गियर दोघींनी मिळून बदलला. एवढा अलगद, की इंजिनला कळलंही नसेल. मग चटका बसावा तसा तो हात मागे गेला.

मार्नीने कडेने पाहिलं. मिसेस मॅकेलांचा डावा पाय रिकाम्या पायपुसण्यावर दाबलेला होता. नसलेला क्लच.

"घरी चल."

"पण आत्ता तर कुठे..."

"घरी चल म्हटलं ना!"

हा बसमधला आवाज. मार्नीने मुकाट्याने गाडी वळवली. दारात इंजिन बंद केलं तरी मिसेस मॅकेला उतरल्या नाहीत. बाबा पलीकडे कुंपणाशी उभे राहून, आपल्याला काही दिसत नाही असं दाखवत सरोवर बघत होते.

"मला तुझा हेवा वाटला, पोरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इतका, की त्या वळणावर तुझ्या हातावर फटका मारावासा वाटला. सतरा वर्षांच्या पोरीचा हेवा. या वयात! लाज वाटते."

मार्नीच्या तोंडाशी जे होतं तेच बाहेर पडलं. "मी ब्रिनच्या गाडीला लोहचुंबक लावून पाहिलं. पडावं म्हणून."

"पडलं?"

"नाही."

"अरेरे," मिसेस मॅकेला म्हणाल्या. अगदी मनापासून.

आणि दोघी हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मार्नीचं आधी थांबलं. मिसेस मॅकेला नंतरही बराच वेळ डोळे पुसत होत्या.

"गाडी घे तू," शेवटी त्या म्हणाल्या. "भाव तुझा बाप ठरवेल तो. हिवाळ्यात माझ्या दारातलं बर्फ लोटून जातो, कधी ब्र काढत नाही. दुसऱ्या कुणाला देणं शोभायचं नाही मला." मग जरा थांबून, "शाळेत याच रस्त्याने जाशील ना?"

"दुसरा रस्ताच नाहीये."

"हं. मग ऐकू येईल." ऑपरेशनची तारीख कळल्यावर माणूस मान हलवतो, तशी त्यांनी मान हलवली.

त्या दिवसापासून बाबांच्या अंगात वारं शिरलं. आईचं मत वेगळं. तिला पताकावाल्याचा लेखी भरवसा हवा होता, मोडली तर परत न्यायला कुणीतरी. "म्हाताऱ्या बाईकडे परत काय मागणार तू?" बाबा म्हणायचे, "मोडणारच नाही!" आणि घरच्या गॅरेजमधली जुनी बोट बाहेर काढायला लागायचे. मार्नी दोघांचं ऐकत होती आणि चक्क गप्प होती. आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारी ती बसच्या थांब्यावर उभी होती. वळणापलीकडे काही दिसत नव्हतं, पण तिसऱ्या गियरची ती घाई ऐकू आली आणि हेवा तिथल्या तिथे जागा झाला. गाडी अजून दिसलीही नव्हती! मार्नीने डोळे मिटून पाहिले. मिटल्यावर तर जास्तच. हात कुठे होते ब्रिनचे, ते कळत होतं. हॅली कशाला हसली असेल, तेही कळत होतं.

तिने मनात हिशेब मांडला. आपलं हे जूनपर्यंत. शाळा संपली की ब्रिन कॉलेजला जाणार, गाडी घेऊन जाणार, सुटले. मिसेस मॅकेलांच्या खिडकीवरून मात्र हिरवी गाडी सकाळी जाणार, दुपारी येणार. त्या पायपुसणं झटकत असतील नाहीतर कॉफी ओतत असतील. त्यांना सुटायला कुठला जून?

छे, पण गाडी किती सुंदर होती! हातावर हात पडला तेव्हाचा तो अलगद गियर! मार्नीला स्वतःचा भयंकर राग आला. कुणाचं दुःख समजणं ही किती महागात पडणारी गोष्ट आहे, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दुपारी ती बसमधून दोन थांबे आधीच उतरली.

"मिसेस मॅकेला, तुमच्या गाडीची जाहिरात मी टाकते. इंटरनेटवर. लांबची गिऱ्हाइकं बघू."

त्यांनी मान तिरकी केली, कडेच्या डोळ्याने मार्नीला पकडायला. "तुझ्या बापाने भाव पाडायला सांगितलाय का?"

"बाबांना माहीतच नाही."

त्या दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडू लागल्या.

"किती लांब?"

"जिथे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत."

"कापड मी काढते," मिसेस मॅकेला म्हणाल्या. "तू फोटो काढ. डाव्या बाजूने काढ, तिकडून ती चांगली दिसते."

ॲरिझोनातल्या एका निवृत्त दंतवैद्याने ती घेतली. मार्नीने त्याचा फोटो पाहिला, उन्हात तांबारलेला चेहरा, एवढे पांढरे दात. तिला तो मुळीच आवडला नाही. जन्मात न भेटलेल्या माणसाचा इतका हेवा करता येतो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी रात्रीच्या जेवणाला आईने पेस्टी केल्या होत्या, मांस-बटाटा भरून भाजलेल्या, सलगमासारखा रुटाबागा जरा जास्त घातलेल्या. बाबांनी हात धुता धुता जाहीर केलं, "बोट गेली मागे. गॅरेज रिकामं आहे. आता हिरव्या राणीला केव्हाही आणा."

मार्नीने काटा खाली ठेवला.

"मी ठरवलंय. मी पताकावाल्याकडून घेणार."

बाबांचा टॉवेल हातातच राहिला. आई म्हणाली, "अगं, तूच म्हणालीस ना, त्याच्याकडचा टायरसुद्धा..."

"म्हणाले होते. आता टायरासकट घेणार. एक निळी मियाटा आहे, टपाला ठिगळ आहे. ब्रिन म्हणेल मी तिची नक्कल केली, म्हणू दे. बाबा, तू लोहचुंबक घेऊन शनिवारी माझ्याबरोबर चल."

"आणि मॅकेलाबाईंची?" बाबांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "ती तर... मार्नी, त्या गाडीखाली थेंब नव्हता!"

"माहितीय. ती ॲरिझोनाला चाललीय. उद्या दुपारी ट्रेलर येतोय. मी त्या वेळी तिथे असणार, शाळेतून लवकर सुटायची चिठ्ठी तुम्ही दोघांनी द्यायची. आणि बाबा, तू रस्तेखात्यातले दोन दांडगे गडी घेऊन ये."

"गडी कशाला? किल्ली फिरवली की चढेल ती ट्रेलरवर, आपल्या पायांनी."

"नाही," मार्नी म्हणाली. "इंजिन चालू करायचं नाही. मिसेस मॅकेला आत स्वयंपाकघरात असतील. आपण ती ढकलत चढवायची."