वाचले व समजले

ही गोष्ट १९९८ सालची. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते आणि धाकटा भाऊ चाळीस. एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत आमची कार्यशाळा होती. कार्यशाळा म्हणायचं आपलं. एका खोलीत मी, दुसरीत त्याचा लेझर.

त्याआधी वीस वर्षं मी छापखान्यात बाटल्यांची लेबलं छापली होती. ताणून बसवलेली बारीक जाळी, तिच्यावर शाई आणि रबराच्या पट्टीचा एकच सरळ हात. भावाने कॉलेजातली नोकरी सोडली आणि मला म्हणाला, "ताई, शाईऐवजी चांदी छापशील?" चांदीची पूड घातलेली ती लेई दिसायला राखाडी, कालवलेल्या सिमेंटसारखी. तिच्या रेघा पातळ प्लॅस्टिकवर छापायच्या. त्या नीट भाजल्या की त्यांतून वीज वाहते, तारेचं काम रेघ करते. अडचण एकच होती. भट्टीत घातलं की चांदी भाजायच्या आत प्लॅस्टिक आक्रसून जायचं.

त्यासाठी भावाचा लेझर. केसासारखी बारीक काचेची तार डब्यात वेटोळं करून ठेवलेली. तिच्या पोटातच प्रकाश तयार व्हायचा आणि टोकातून बाहेर पडायचा. तो फक्त रेघेवरून फिरवायचा, म्हणजे रेघ भाजेल आणि प्लॅस्टिकला पत्ताही लागणार नाही. पण आमची रेघ फुगायची. बारीक बुडबुडे यायचे, मध्येच तुटायची, आणि वीज वाहिली की वाजणारा मीटर मुका राहायचा.

"ताई, तुझी लेई आज रुसलीय."

"लेई नाही रुसली. तुझा लेझर तिच्या अंगावर धावून जातो."

भावजय शाळेत शिकवायची. तिच्या जोरावर आमचे हे उद्योग चालले होते. ती कधी वर आली की दारातूनच म्हणायची, "दोघं बहीणभाऊ मिळून चांदी जाळा. माझा चांदीचा चमचा मी लपवून ठेवलाय."

भाऊ कामाची वही फार काटेकोर ठेवायचा. काय केलं, काय झालं, तारीख, त्याची सही. आणि खाली साक्षीदाराची सही, 'वाचले व समजले' असं लिहून. पुढेमागे शोध कुणी आधी लावला असा वाद झाला तर ही सही कामी येते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. मी म्हटलं, खालच्या शिंप्याची घे. शिंपी म्हणाला, "सही काय, अंगठाही देतो. फक्त वाचायला सांगू नका."

भाऊ परत आला. "ज्याला समजलं नाही त्याने 'समजले' लिहायचं? मग वही कशाला ठेवायची?"

म्हणून सही मी करायची. रोज हात धुऊन, चष्मा लावून, पान पूर्ण वाचून. इतकं चोख काम आम्ही आयुष्यात दुसरं केलं नसेल, आणि तीच आमची चूक ठरली.

एका रविवारी मी घरी भावाचा ओलसर शर्ट इस्त्री करत होते. ओल्या कापडावर एकदम कडक इस्त्री टेकवली तर वाफ फसफसते आणि डाग पडतो. आधी कोमट हात फिरवायचा, ओल गेली की मग कडक. इस्त्री हातात धरूनच मी त्याला हाक मारली. "अरे, लेई ओली असते. तिला आधी कोमट दे, मग कडक. एकाच रेघेवर दोन फेऱ्या."

भाऊ तोच ओलसर शर्ट अंगात घालून कार्यशाळेकडे पळाला. पहिली फेरी मंद, दुसरी जोराची. मीटर वाजला आणि वाजतच राहिला. भाऊ टेबलाशी बसून लहानपणी रडायचा तसा रडला. मग त्याने वही उघडून 'दोन फेऱ्यांची पद्धत' असं लिहिलं, सही केली, वही माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं, 'वाचले व समजले.' त्यात काही चुकतंय हे दोघांच्याही मनात आलं नाही.

आठ महिन्यांनी कळलं की एका मोठ्या कंपनीने याच पद्धतीच्या अमेरिकेतल्या हक्कासाठी, म्हणजे पेटंटसाठी, आमच्याआधी अर्ज केला आहे. आमच्या वकीलबाई धीराच्या. म्हणाल्या, "घाबरू नका. तिथे अर्ज आधी कुणाचा हे नाही, शोध आधी कुणाचा हे बघतात. तुमच्या वहीतली तारीख त्यांच्याआधीची आहे. साक्षीदार भक्कम असला की झालं." प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्यांनी माझ्या नावाने घरी पाठवला. त्यात एक वाक्य होतं: 'या शोधात माझा स्वतःचा कोणताही सहभाग नाही.'

मी ते तीनदा वाचलं. मला इस्त्री आठवली. मग मसुदा घडी करून पर्समध्ये ठेवला आणि भावाला म्हटलं, सगळं ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकीलबाईंनी आम्हा दोघांपुढे तो मोठ्याने वाचला. "खरं आहे ना, ताई?"

"हो," मी म्हटलं आणि पेन उघडलं.

"नाही," भाऊ म्हणाला.

"तू गप्प बस."

"वकीलबाई, दोन फेऱ्या हिने सुचवल्या. इस्त्री करताना."

वकीलबाईंनी माझ्या हातातलं पेन घेऊन त्याला टोपण लावलं. "साक्षीदार बाहेरचा लागतो," त्या हळूच म्हणाल्या. "शोध लावणाऱ्याने स्वतःच साक्ष दिली तर ती चालत नाही. या शोधात यांचा वाटा असेल, तर या वहीला साक्षीदारच नाही. मग तुमची तारीख उभी राहत नाही. आणि आता हे ऐकल्यावर हा कागद मी पुढे पाठवू शकत नाही." त्या आम्हाला बसवून बाहेर गेल्या.

मी त्याच्यावर भडकले. "एक ओळ होती! माझ्या नावाचं लोणचं घालायचंय का मला? तुझी सात वर्षं गेली यात."

"सात वर्षं वहीत एक ओळ खोटी लिहिली नाही, ताई. तूही नाही. म्हणून तर शिंप्याची सही घेतली नव्हती."

"मी देत होते ना, मग घ्यायचं."

"तुझं तू देत होतीस, ते कळलं मला. पण मग रोज वही उघडताना मी तुझ्याकडे कसं बघणार होतो?"

 आठ दिवस मी त्याच्याशी अबोला धरला.

आमचा अर्ज शेवटी दोघांच्या नावाने गेला आणि फेटाळला गेला. हक्क त्या कंपनीला मिळाला.

कार्यशाळा आणखी चार वर्षं चालली. त्या चार वर्षांत भाऊ रोज संध्याकाळी वही घेऊन खाली जायचा आणि शिंप्याला पान समजावून सांगायचा. खरंच समजेपर्यंत सही घ्यायचा नाही. शिंपी वैतागून म्हणायचा, "एवढ्या वेळात माझी दोन जाकिटं झाली असती!" पण दुसऱ्या वर्षापासून तो उलट प्रश्न विचारायला लागला. एकदा तर त्याने आमची चूक काढली, आणि भाऊ धावत वर येऊन म्हणाला, "गेला! हाही साक्षीदार हातचा गेला!" त्या दिवशी दोघंही खूप हसलो.

वकीलबाई निवृत्त झाल्या. दरवर्षी त्यांचं पत्र येई, मग थांबलं. शिंप्याचं दुकान आता त्याची सून चालवते. भावजय माझ्याजवळच असते. तिचा चमचा अजून सापडलेला नाही, कुठे लपवला ते तीच विसरली. भाऊ पुढे एका कारखान्यात लेझर दुरुस्त करायचा. अकरा वर्षांपूर्वी तो गेला. शेवटच्या आजारपणातही नर्सने गोळी दिली की तिला विचारायचा, "वेळ लिहिलीस ना?"

मला साखरेचा आजार आहे. रोज सकाळी बोटाला टोचून रक्ताचा थेंब छोट्या पट्टीला लावते. तिच्यावर छापलेल्या बारीक रेघा असतात. त्या कशा भाजल्या असतील ते मला ठाऊक नाही. चष्मा लावून मी त्या बघते मात्र, फुगल्यात का, तुटल्यात का.

अर्ज फेटाळल्याचं पत्र माझ्या कपाटात आहे. त्यात 'शोध लावणारे' या शब्दांखाली दोन नावं टाइप केलेली आहेत. माझं आधी आहे. अर्ज भावाने भरला होता.