उषाने निवडलेलं निळं

उषा गेली हे मला शैलेश साहेबांकडून कळलं. त्या दिवशी मुठा गावात आमच्या खाचरात भाताची लावणी चालू होती. फोन सदऱ्याच्या खिशात होता आणि सदरा बांधावरच्या झाडाला टांगलेला. साहेब बूट घालूनच चिखलात उतरले. म्हणाले, "हैबतराव, चला. उषाताई बागेत पडल्या. दवाखान्यात नेलं मी, पण उपयोग झाला नाही."

म्हणजे माझी बायको गेल्याचं त्यांना माझ्याआधी दीड तास ठाऊक होतं. तिनं शेवटचा श्वास त्यांच्या गाडीत घेतला. घरात लोक मला धरून रडत होते आणि माझ्या मनात हेच चाललं होतं. लाज वाटते, पण खरं आहे.

साहेब बारा वर्षं इंग्लंडात राहून आलेले. गावाबाहेरच्या बंगल्यात एकटेच असतात. त्यांना तिकडच्या थंड मुलखासारखी बाग हवी होती आणि तीही सगळी निळ्या फुलांची. उषा चार वर्षं तिथं बागकामाला जात होती. शनिवारी साहेब झाडांच्या चित्रांचं जाडं पुस्तक घेऊन पायरीवर बसायचे आणि ती एकेक झाड निवडायची. एकदा तिला बोलवायला गेलो, तर फाटकाबाहेर आवाज आला.

"हे आषाढात कुजंल," उषा म्हणत होती. "ह्याला थंडी लागती. आपली थंडी सांगायपुरती. आनि हे तर मेलंच समजा."

"मग लावू काय, प्लॅस्टिकची?"

"लावा की. पानी तरी वाचंल."

दोघंही हसले. मी फाटकातूनच परत फिरलो. घरी माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे व्हय आणि न्हाई. त्या रात्री मी तिला जेवण खारट झालं म्हणालो. झालं नव्हतं.

तिनं एकदा विचारलं होतं, मागच्या वाफ्यात फुलं लावू का म्हणून. मी म्हणालो, "फुलांची भाजी करनार हायेस का?" मग तिथं वाल लावला. ती पुन्हा बोलली नाही.

तेरावं झाल्यावर तिच्या चपला आणायला बंगल्यावर गेलो. पाऊस थांबला होता. सगळी बाग निळी झाली होती. कुंपणाला फिकट निळी, वाटेच्या कडेनं उंच दांड्यांवर गडद. विहिरीच्या भिंतीजवळ हायड्रेंजियाचं झाड होतं. त्याला लहान पोराच्या डोक्याएवढे गेंद आले होते, निळेभोर.

साहेब म्हणाले, "हे त्यांचं लाडकं. ह्याच्याजवळच पडल्या."

मी चपला घेऊन परत आलो. सोमवारी साहेब पुण्याला गेल्यावर कुदळ घेऊन गेलो. झाड मातीच्या गड्ड्यासकट काढलं, पाटीत घालून घरी आणलं आणि मागच्या वाफ्यात लावलं. बायको माझी, झाड माझ्या दारात पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

साहेबांपेक्षा त्याची जास्त निगा ठेवायची असं ठरवलं. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर पाला आणि शेण जाळतात. त्या राखेनं रोप जोमात येतं. मी लहानपणापासून तेच करत आलो. म्हणून झाडाला दर आठवड्याला चुलीतली पाटीभर राख घातली.

पुढच्या जेठात फुलं आली. गुलाबी.

लेक गौतमी सासरहून, माणहून आली होती. ती म्हणाली, "किती छान रंग हाय, बाबा." मला जेवण गेलं नाही. तिथं निळं आणि माझ्या दारात गुलाबी. झाडसुद्धा त्या माणसाचंच, असं वाटायला लागलं. पंधरा दिवस आतल्या आत जळलो, मग बंगल्यावर गेलो.

"तुमचं झाड मी नेलं," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. खड्डा दिसला. चहा घेणार?"

"त्याला गुलाबी फुलं आली. तुमी त्याला काय घालत हुता?"

"मी काहीच नाही. उषाताई घालायच्या. चहाचा चोथा, कुजलेला पाला." मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "राख घातलीत का?"

"पाटी पाटी."

ते हसायला लागले आणि लगेच थांबले. "आंबट मातीत ते निळं होतं. राखेनं आंबटपणा जातो आणि फूल गुलाबी होतं. मलाही ठाऊक नव्हतं, त्यांनीच सांगितलं. त्यांनी ते झाड आधी तुमच्याकडेच लावलं होतं. न्हाणीच्या मागं."

"कदी?"

"तीन-चार वर्षं झाली. म्हणाल्या, आमचे हे दिसंल त्या मुळाशी राख टाकत्यात, सांगून उपयोग न्हाई. मग उपटून इथं आणलं. तुम्ही नेलंत ते तेच झाड."

एका पावसाळ्यात न्हाणीच्या मागं काहीतरी गुलाबी फुललेलं मला आठवलं. ते काय आहे हे मी तिला विचारलं नव्हतं.

"मला का न्हाई बोलली?"

"ते मला काय माहीत? मला तर चार वर्षं तुमच्याबद्दलच ऐकायला लागत होतं. ह्यांना हे चालत नाही, ह्यांना ते चालत नाही. मी एकदा म्हणालो, बाई, तुमच्या ह्यांनाच आणून लावू का वाफ्यात?"

"मग?"

"म्हणाल्या, त्यांचा रंग न्हाई बदलायचा."

यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती माझ्याबद्दल बोलली, पण त्यांच्याजवळ बोलली. चार वर्षांचं तिचं बोलणं त्यांच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही.

निघताना त्यांनी ते चित्रांचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "खड्डा तसाच आहे. तिथं निळं काय लावायचं ते आता तुम्ही सांगा."

पुस्तक दोनदा चाळलं. प्रत्येक चित्रावर थांबतो, पण आमच्या आषाढात कुठलं तगेल आणि कुठलं कुजेल, ते मला सांगता येत नाही. वाफ्यात राख टाकणं बंद केलंय. माती परत आंबट व्हायला दोन पावसाळे तरी जातील, असं साहेब म्हणतात. त्यांच्या खड्ड्यात काय लावायचं ते मी अजून सांगितलेलं नाही.