केक्को म्हणजे छान

किमिकोबाईंना अर्धांगाचा झटका आला तो परसात मुळे उपटताना. कुंपणाच्या अलीकडे सुलक्षणा मेथीला पाणी घालत होती. मुळ्याचा पाला हातात धरून बाई हळूच खाली बसल्या, तेव्हा तिला वाटलं, दमल्या असतील. मग त्या आडव्या झाल्या. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या मातीत बसून राहिली.

हॉस्पिटलमधून त्या घरी आल्या त्या उजवा पाय ओढत, आणि इंग्रजी हरवून. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. रॉन नावाच्या गोऱ्या सोल्जरशी लग्न करून त्या ऐन विशीत जपानहून कॉव्हेंट्रीला आल्या होत्या. रॉनला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पन्नास वर्षांत जमवलेलं इंग्रजी गेलं आणि बाई आपल्याच घरात मुक्या झाल्या.

सुलक्षणाला हे बघवेना. डॉक्टर नवऱ्यामागोमाग ती नागपूरहून या गल्लीत आली, तेव्हा तिच्याशी आपणहून पहिलं कोणी बोललं असेल तर या किमिकोबाई. दोघींचंही इंग्रजी मोडकं, म्हणून एकमेकींचं बरोबर कळे. बाईंना 'ल' म्हणता येत नसे, त्यांच्या तोंडी तिची 'सुरक्षना' झाली होती. बर्फात बस अडकली की तिच्या लेकीला, निधीला, शाळेतून त्याच घेऊन यायच्या. आणि सुलक्षणाचा नवरा गेला त्या हिवाळ्यात रोज दुपारी दाराशी गरम भाताची वाटी आणून ठेवायच्या, बेल न वाजवता. असलं कोणी केलेलं माणूस विसरत नाही.

तेव्हा दोन हजार पाचच्या सप्टेंबरात, साठी उलटलेली सुलक्षणा कॉलेजातल्या संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकायला गेली.

"आई, तीस वर्षं गुजरात्यांच्या शेजारात काढलीस, 'केम छो'च्या पुढे गेली नाहीस," मेडनहेडहून निधी फोनवर म्हणाली. "आता डायरेक्ट जपानी?"

"गुजरात्यांना इंग्रजी येतं गं."

"होमवर्क असतो का?"

"असतो. आणि मी वेळेवर करते, तुझ्यासारखं नाही."

वर्गात बहुतेक जपानी कार्टूनची वेडी पोरं. शिकवायला चणीने लहानशा मोरी सेन्सेई, म्हणजे मोरी मॅडमच. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर अक्षरं मांडली. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. सुलक्षणा बघतच राहिली. ही तर आपल्याच घरची अक्षरं, फक्त काही जणं गैरहजर. वाक्यही मराठीच्या वळणाने चाले, क्रियापद शेवटी. गोरी पोरं पावलोपावली ठेचकाळत, तिला मात्र नुसते शब्द बदलायचे. पावाला पान म्हणायचं, पाण्याला मिझू म्हणायचं की झालं. आयुष्यात कधी नाही तो वर्गात पहिला नंबर यायला लागला, आणि तो थोडा डोक्यात गेला.

"आज थंडी आहे," असं तिने पहिल्यांदा जपानीत म्हटलं तेव्हा किमिकोबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. मग त्या बोलत सुटल्या, चहा गार होईपर्यंत. तिला त्यातलं दहातलं एक कळलं. बाकीच्या ठिकाणी ती "हाय, हाय" म्हणत राहिली. जपानीत हाय म्हणजे हो.

मार्चमध्ये कीथ आला. रॉनचा पुतण्या, नातेवाईक म्हणून कागदावर नाव त्याचंच. काकू जिन्यावरून पडली तर जबाबदार कोण, असं त्याचं म्हणणं. वृद्धांच्या एका होममध्ये खोली रिकामी झाली होती. सोशल वर्कर बाई म्हणाल्या, "त्यांची स्वतःची इच्छा असेल तरच. पण दुभाषी मिळायला महिना जाईल, आणि खोली तोवर थांबायची नाही."

"शेजारीणबाईंना येतं की जपानी," कीथ म्हणाला.

सुलक्षणाला मनोमन ठाऊक होतं, बाई हे घर सोडायच्या नाहीत. त्यांच्या बाजूने उभं राहायचं म्हणूनच ती त्या दिवशी बाईंकडे गेली. रात्री वाक्यं पाठ केली होती. कीथने होमचं माहितीपत्रक बाईंपुढे ठेवलं, आणि तिने त्यावर बोट ठेवलं.

"किमिको-सान, हे घर चांगलं आहे. जेवण मिळतं. माणसं आहेत. तुम्ही तिथे राहाल का?"

बाईंनी ते चकचकीत माहितीपत्रक पाहिलं, मिटलं, दोन्ही हातांनी टेबलावर पुढे सरकवलं आणि मान थोडी लववून हसल्या.

"केक्को देस."

सुलक्षणा चमकली. केक्को म्हणजे छान. 'केक्को बाग', म्हणजे सुरेख बाग. परीक्षेत तिला त्याचे पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. क्षणभर तिला वाटलं, पुन्हा विचारावं. पण मग वाटलं, आपली इच्छा त्यांच्या तोंडी घालणारी आपण कोण? दुभाष्याने जे ऐकलं तेच सांगावं.

"छान आहे म्हणतात," ती म्हणाली.

"खात्री आहे?" सोशल वर्कर बाईंनी विचारलं.

"हो."

न्यायच्या दिवशी कीथ त्यांना गाडीत बसवत होता. बाईंनी सुलक्षणाच्या कोटाची बाही धरली. "दोशिते?" म्हणजे का. एवढा शब्द तिला येत होता. नवी जागा, घाबरल्या असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

उन्हाळी सुट्टीच्या थोडं आधी सेन्सेईंनी वर्गात पाहुणचाराचा धडा घेतला. एकाने यजमान व्हायचं, एकाने पाहुणा. "आणखी चहा?" एका पोराने विचारलं. "ई-ए, केक्को देस," दुसऱ्याने पुस्तकात बघून म्हटलं.

सुलक्षणाने हात वर केला. "म्हणजे चहा छान झालाय?"

"नाही, नाही," सेन्सेई हसून म्हणाल्या. "म्हणजे नको. तोंडावर नको म्हणणं बरं दिसत नाही ना. बागेला म्हटलं तर छान. कोणी काही पुढे केलं, तर नको."

पोरं लिहून घेत होती. सुलक्षणाचं पेन हातातच राहिलं. तिच्या माहेरी पाहुणा 'नको, नको' म्हणे आणि आई पानात आणखी एक लाडू वाढे. ते नको खरं नसतं हे लहान पोरालाही कळायचं. आणि एवढं जपानी शिकून तिला दुसऱ्याचं 'छान' कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सोशल वर्कर बाईंकडे गेली आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"तुम्ही खात्री आहे म्हणाला होतात," त्या म्हणाल्या.

"हो. चूक माझी आहे. त्यांना घरी आणायला हवं."

पण आणणार कुठे? घर भाड्याचं. कीथने किल्ल्या कधीच परत दिल्या होत्या. नवं जोडपं राहायला आलं होतं, मुळ्याच्या वाफ्यावर त्यांच्या मुलांचं ट्रॅम्पोलिन उभं होतं. सोशल वर्कर बाईंनी एवढं केलं की बर्मिंगहॅमहून एक खरा दुभाषी बोलावला, तरुण, टाय लावलेला.

होममध्ये किमिकोबाईंचा अंबाडा कापून टाकला होता. धुवायला सोपं पडतं म्हणे. सुलक्षणा आत आली तरी त्यांनी मान वळवली नाही. हल्ली ती आली की त्या अशाच खिडकीबाहेर बघत बसायच्या. दुभाष्याने मऊ आवाजात बराच वेळ विचारलं. त्यांनी थोडक्यात उत्तर दिलं.

"मला जायचं नव्हतं, असं म्हणतात. पण आता घर उरलेलं नाही. म्हणून इथेच राहीन."

मग बाईंनी सुलक्षणाकडे पाहिलं. आणि नवशिक्याला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून, त्या दुभाष्याला म्हणाल्या, "आनो हितो वा, मो कोनाकुते ई देस."

दुभाषी जरा अडखळला. टाय सारखा करत म्हणाला, "त्या म्हणतात, तुम्ही त्यांच्यासाठी खूप केलंत. आता एवढी दगदग करून येऊ नका."

"किती प्रेमळ आहेत," सोशल वर्कर बाई म्हणाल्या.

आनो हितो, ती बाई. मो, आता. कोनाकुते ई, यायची गरज नाही. क्रियापदाचं हे रूप मागच्याच आठवड्यात वर्गात झालं होतं. बाईंच्या तोंडचं हे पहिलंच वाक्य, ज्यात सुलक्षणाला काही अंदाजाने घ्यावं लागलं नाही.

"तुम्हाला कळलं का मूळचं?" सोशल वर्कर बाईंनी कौतुकाने विचारलं. "आता तर तुमचं जपानी बरंच झालं असेल."

"नाही," सुलक्षणा म्हणाली. "तेवढं कुठे येतं मला."

आणि तिने खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला.