वजा साडेचार तास

बुधाजी गुरुजींनी मुलीच्या पत्राला उत्तर दिलेच नव्हते. पत्र ऑगस्टात मेलबर्नहून आले होते आणि आता जानेवारी सरत आला होता. नीलमने लिहिले होते, 'बाबा, फोनवर तुम्ही "हो, बरं" याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहिते. मी मुलगा असते, तर आईला न्यायला थांबला असता ना?'

गुरुजी ते पत्र रोज वाचत आणि घडी घालून परत ठेवत. रडू येत नसे. तापात जिभेची चव जावी, तसे काहीसे झाले होते.

गुरुजींच्या पत्नी मनकर्णाबाई मे महिन्यात सकाळी सहाला गेल्या. नऊपर्यंत धाकटा भाऊ सूर्यभान अकोल्याहून अमरावतीला पोचला. तोवर नीलमचा फोन येऊन गेला होता. तिच्या घड्याळात संध्याकाळी पाचचे विमान मिळाले होते. मुंबईपर्यंत तेरा तास, पुढे सकाळचे नागपूरचे विमान. एवढे सांगून ती रडू लागली आणि गुरुजींनी "हो, बरं" म्हणून फोन ठेवला.

"दादा, पोरगी कवा पोचते?" सूर्यभानने विचारले. "उद्या दहा-अकरा वाजेपर्यंत थांबू. बर्फाची पेटी आणतो. त्याच्यावर या उन्हात जमनार नाई. तिले फोन लावू का?"

"कशाला? मी सांगतो."

अकोल्याच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवलेला माणूस. एरवी भाजी घेतानाही दोनदा विचार करणारा. पण नकाशा आणि घड्याळ यांत त्यांना कोणी अडवत नसे. त्यांनी पाचात तेरा तास मिळवले, मग दोन देशांच्या घड्याळांतला साडेचार तासांचा फरक धरला. "मुंबईला साडेदहा. सकाळचं विमान चुकते. घरी यायला मध्यरात्र."

"मंग नाई जमत," सूर्यभान म्हणाला.

संध्याकाळी त्रिशरण-पंचशील म्हणून अग्नी दिला. नीलम तेव्हा आकाशात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नागपूरची टॅक्सी दारात उभी राहिली. फरक वजा करायचा होता. त्यांनी तो मिळवला होता. नीलम ओट्यावर बसून राहिली आणि गुरुजी तिला पाणी देऊन आत निघून गेले.

आता जानेवारीअखेर, सहा कागद फाडल्यावर, उत्तराचे पत्र चार ओळींचे उरले. 'मुलगा-मुलगी कुणाच्या मनात नव्हतं. काका थांबायला तयार होते. तू दहाला पोचणार होतीस, मी मध्यरात्र सांगितली. चूक माझी, आणि ती मी तुझ्यापासून लपवली.'

पोस्टातल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवले. "ऑस्ट्रेलिया? काकाजी, मोबाइलवर टाकलं असतं तं आत्ता पोचलं असतं."

"नाही जमलं."

"महिनाबी लागू शकते बरं."

"लागू द्या."

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकले.