पत्रेकाकांची गळकी झारी

मी एक जुनी झारी आहे, आणि एका आडव्या पडलेल्या माणसाला मी एकटीने पुन्हा उभं केलं आहे. मित्रांनो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. ज्यांचा बसेल, त्यांची मला काळजी वाटते.

माझा जन्म पत्रेकाकांच्या हातून झाला. पत्रा कापून डबे, नरसाळी बनवायची आणि गळक्या भांड्यांना कथलाचा डाग द्यायचा, हा त्यांचा धंदा. मी त्यांची सर्वांत देखणी कारागिरी. एकदा माझ्यातले चार शिंतोडे कोपऱ्यातल्या झाडूवर उडाले, तर झाडूला पालवी फुटली! काकूंना नवा झाडू आणावा लागला. खरं सांगते.

मग काकांना काहीतरी झालं. ताप नाही, खोकला नाही. कामाला बसायचे आणि हातातल्या पत्र्याकडे नुसते बघत राहायचे. उगाचच छाती धडधडायची, हात थरथरायचे, कातरी खाली ठेवावी लागायची. पुढे तर अंथरुणातून उठणंच थांबलं. गिऱ्हाईक बंद दार बघून परत जायचं. मीही पडून राहिले. एका कोळ्याने माझ्या तोटीत संसार थाटला.

काकूंनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "हा आजार आहे, आळस नव्हे. मला विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. आणि सकाळचं ऊन, थोडं चालणं, हाताला काम, बोलायला माणूस, हेही औषधच समजा."

सांगणं सोपं हो! 'चला फिरायला' म्हटलं की काका भिंतीकडे तोंड करायचे. म्हणून काकूंनी फिरण्याचं नावच काढलं नाही.

"अहो, परसातले टोमॅटो वाळले."

"वाळू देत."

"बरं. पण लावलेत तुम्ही, तेव्हा 'वाळा' म्हणून तुम्हीच जाऊन सांगा त्यांना. मला नाही धीर होत."

चिडून का होईना, काका उठले. मला नळाखाली भरलं आणि निघाले. आता माझी करामत ऐका. मी स्वतःच्या तळाला स्वतःच भोक पाडून घेतलं होतं! (काकू, तिथे दारात बसून तुम्ही आपले वाटाणे सोला.) टोमॅटोपाशी पोचेपर्यंत मी निम्मी रिकामी. पुन्हा नळ, पुन्हा टोमॅटो, सकाळच्या उन्हात हेलपाटे. काका करवादले, "पत्रेवाल्याच्या घरात गळकी झारी! लोक तोंडात शेण घालतील!"

कुंपणापलीकडून शेजारचे आजोबा म्हणाले, "काय पत्रेकाका, पायांना पाणी घालताय? उंची वाढवायचीय वाटतं!"

काका हसले नाहीत. पण थांबले, दोन शब्द बोलले. कित्येक दिवसांत ते घराबाहेरच्या कुणाशी बोलले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी ते ठणठणीत झाले, असं सांगण्याइतकी मी खोटारडी नाही. काही सकाळी ते आले, काही सकाळी नाही आले. धडधड सुरू झाली की काकू पायरीवर शेजारी टेकायच्या. "निखारे फुलवायचा आपला भाता आठवा. श्वास सावकाश भरा, त्याहून सावकाश सोडा." हळूहळू भूक लागू लागली, झोप येऊ लागली.

आणि एका सकाळी काकांनी मला उलटी केली, भोकावरून अंगठा फिरवला. मला गुदगुल्या झाल्या. "असं नाही चालायचं," ते स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी कामाच्या खोलीचं दार उघडलं. निखारे फुलले, कथील वितळलं. हात अजून थरथरत होता, म्हणून माझा डाग जरा वाकडा बसला. तो मी पदकासारखा मिरवते.

तर मित्रांनो, घरातलं कुणी अबोल झालं तर त्याला आळशी म्हणू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, उन्हात न्या, त्याच्याजवळ बसा. आणि जुन्या झारीला अडगळीत फेकू नका. दुसऱ्यासाठी स्वतःच्या पोटाला भोक पाडून घेणारी माझ्यासारखी त्यागमूर्ती तुम्हाला कुठे...

"अगं ए थापाडे!" दारातून काकू कडाडल्या. "तू पाडलंस होय भोक? खिळा मी आणला, हातोडी मी मारली, आणि अंगठा सुजला तो काय तुझा?"

आतल्या खोलीत पत्र्यावर चाललेली काकांची ठोकठोक एकदम थांबली.